बियाणे पारखून घेता, तसे पोरांचे पुस्तकही पारखा

मृगाच्या तोंडावर कृषी सेवा केंद्रासमोर रांग लागते. तुमच्यापैकी बहुतेकजण त्या रांगेत उभे असतात. पिशवी हातात आली की उलटीपालटी करून लेबल पाहता, लॉट नंबर पाहता, पक्की पावती मागता. घरचे सोयाबीन पेरायचे असेल तर शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळता आणि सत्तरच्या वर कोंब आले तरच ते बी रानात नेता. हे तुम्हाला कुणी शिकवायला नको. एकदा दुबार पेरणीचा फटका बसला की माणूस आपसूक शहाणा होतो.

त्याच दिवसांत शाळाही उघडते. वह्या, दप्तर, गणवेश यांची धावपळ होते. आठवीपर्यंतची पाठ्यपुस्तके शाळेतच मोफत मिळतात, म्हणजे तीही काळजी नाही. तेव्हा शेतकरी बंधू-भगिनींनो, आम्ही तुम्हाला एक साधा प्रश्न विचारतो. सहावी-सातवीत जाणाऱ्या तुमच्या मुलाने किंवा मुलीने गेल्या वर्षभरात धड्याचे पुस्तक सोडून दुसरे एखादे पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचले काय? कोणते? त्याचे नाव घरात कुणाला सांगता येईल?

प्रश्न अवघड वाटला असेल तर राग मानू नका. हा प्रश्न आम्ही सरपंचांना विचारला, ग्रामसेवक भाऊसाहेबांना विचारला, आणि खरे सांगायचे तर आधी स्वतःच्या घरात विचारला. सगळीकडे थोडा वेळ शांतताच पसरली.

कपाट आहे, किल्ली नाही

मागे एका गावात दुसऱ्याच कामाने गेलो होतो. शाळेच्या वऱ्हांड्यात बसलो तर आत पत्र्याचे हिरवे कपाट दिसले. काचेतून पुस्तके दिसत होती. नवी कोरी, एकावर एक रचलेली. सातवीतल्या एका पोराला विचारले, "यातलं काय काय वाचलंस रे?" पोरगे म्हणाले, "ते वाचायचं नसतंय. ते लायब्रीचं हाय." गुरुजींना विचारले तर ते बिचारे ओशाळले. म्हणाले, "साहेब, पोरं फाडतात. साठा नोंदवहीवर सही माझी. उद्या तपासणीला एक पुस्तक कमी भरलं तर कुणाच्या खिशातून द्यायचं?"

गुरुजींचे चुकले असे आम्ही म्हणणार नाही. नोंदवहीत पुस्तक हरवलेले दिसले तर विचारणा होते. पण वर्षभरात एकाही पोराने पुस्तक हातात धरले नाही, तर त्याची विचारणा कुठेच होत नाही. मग माणूस कुलूपच लावणार. धान्य कणगीत राहिले तर त्याला कीड लागते आणि पेरले तर पीक येते, एवढे आपल्याला कळते. पुस्तकाच्या बाबतीत मात्र कणगी भरलेली असली की आपण समाधानी.

आता कायदा काय म्हणतो तेही पाहू. मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या परिशिष्टात स्पष्ट लिहिले आहे की प्रत्येक शाळेत ग्रंथालय असले पाहिजे आणि तेथे वर्तमानपत्रे, मासिके, सर्व विषयांची पुस्तके व गोष्टीची पुस्तके मिळाली पाहिजेत. गोष्टीची पुस्तके हा शब्द कायद्यात आहे, हे लक्षात ठेवा. उद्या कुणी "अभ्यास सोडून गोष्टी कशाला?" म्हणाले तर हे दाखवा. त्याच कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती आली. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत आणि निम्म्या महिला. म्हणजे कपाटाची किल्ली खरे तर तुमच्याच कमरेला आहे. आपण ती मागत नाही, एवढेच.

वाचता येणे म्हणजे काय?

"आमचा पोरगा आठवीत आहे, वाचता येतंच की," असे तुम्ही म्हणाल. जरा थांबा. 'असर' या नावाने खेड्यापाड्यांतील मुलांची पाहणी होते. २०२२ च्या पाहणीत ग्रामीण भारतातील आठवीच्या १०० मुलांपैकी साधारण ७० मुलांनाच दुसरीच्या पातळीचा उतारा नीट वाचता आला. पाचवीत तर हे प्रमाण ४२.८ टक्के होते. २०१८ साली ते ५०.५ टक्के होते. मध्ये कोरोनाची दोन वर्षे गेली, शाळा बंद राहिल्या, त्याचा हा फटका. पण फटका बसण्याआधीही अर्धी मुले मागेच होती, हे विसरून चालणार नाही.

आणि जी मुले 'वाचतात' त्यांतली बरीच नुसती अक्षरे उच्चारतात. धडा पाठ असतो, म्हणून घडाघडा म्हणतात. पान बदलून अनोळखी मजकूर दिला की अडखळतात. वाचलेले समजले का, हे विचारले की खाली बघतात. ओळखीच्या धड्यावर ही खोट दिसत नाही. ती मोडायची तर अनोळखी पुस्तक हातात द्यावे लागते, आणि ते असे की पुढे काय झाले हे कळल्याशिवाय पोराला चैन पडू नये.

यात नुसत्या मार्कांचा प्रश्न नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्याची कारणे अनेक होती. औषधांचे मिश्रण, उंच वाढलेली कपाशी, साधनांचा अभाव, दवाखान्याची धावपळ. एका वाचनाने ते सगळे टळले असते असे आम्ही म्हणणार नाही. पण कीटकनाशकाच्या डबीवर जो त्रिकोण असतो त्यातला लाल रंग सर्वांत जहाल विषाचा, मग पिवळा, मग निळा आणि हिरवा सर्वांत सौम्य, हे किती घरांत माहीत आहे? सोबतच्या घडीपत्रकावर बारीक अक्षरात काय लिहिले आहे, हे घरातल्या आठवीच्या मुलीला वाचून समजावता येते का? सोसायटीचा कर्जरोखा, पीक विम्याच्या अटी, सातबाऱ्यावरचा बोजा, हे सगळे शेवटी वाचण्याचेच काम आहे. ज्याला वाचता येत नाही त्याला दुसऱ्याच्या तोंडाकडे बघावे लागते, आणि बघणाऱ्याचे काय होते हे आपल्या वाडवडिलांनी भोगले आहे.

पण एकदम घडीपत्रक हातात देऊन पोर वाचायला शिकत नाही. वासराला पहिल्याच दिवशी नांगराला जुंपत नाहीत. आधी गोष्ट, मग बाकीचे.

पाचवी-सहावीला काय द्यावे?

आता मुद्द्याचे. कोणती पुस्तके? बाजारात गेलात तर गाईड, निबंधमाला आणि 'सामान्य ज्ञान' यांचे ढीग दिसतात. ते वाईट नाहीत, पण त्यांतून वाचनाची गोडी लागत नाही. आम्ही काही नावे सुचवतो. लिहून घ्या. कात्रण काढून शाळेत दिले तरी चालेल.

पहिले नाव भा. रा. भागवत यांच्या 'फास्टर फेणे'चे. पुण्याजवळच्या फुरसुंगीचा हा बनेश फेणे, किडकिडीत, सायकलवर सुसाट, जिथे भानगड तिथे हजर. त्याची बरीच पुस्तके आहेत आणि एक वाचले की पोर दुसरे मागतेच. वाचनाची सवय नसलेल्या पोराला सुरुवात करून द्यायला याच्यासारखे पुस्तक नाही.

दुसरे, ना. धों. ताम्हनकरांचा 'गोट्या'. पोरका मुलगा, पण लाचार नाही. चांगुलपणा शिकवायचा म्हणून यात कुणी उपदेश करत बसत नाही. गोट्या वागतो, तेच पुरे. मुलींसाठी त्यांचीच 'चिंगी' आहे, आणि खरे तर ती मुलांनीही वाचावी. दिलीप प्रभावळकरांचा 'बोक्या सातबंडे' थोडा शहरी आहे, पण खोड्या शहरातल्या असोत की खेड्यातल्या, पोरांना कळतात. अलीकडच्यांत संगीता बर्वे यांची 'पियूची वही' आहे. सुट्टीत एक मुलगी रोज वहीत लिहिते, एवढेच. पण ती वाचून आपणही वही घ्यावी असे वाटते. तिला २०२२ चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला.

तिसरे, 'श्यामची आई'. साने गुरुजींनी हे १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले आणि १९३५ साली ते छापून आले. नाव सर्वांना ठाऊक, कपाटातही असते, पण आज किती घरांत खरोखर वाचले जाते? पुस्तक बेचाळीस रात्रींत विभागले आहे. श्याम रोज रात्री एकेक आठवण सांगतो. आमची सूचना अशी की हे पुस्तक मुलाला एकट्याला देऊ नका. जेवण उरकल्यावर मुलाने मोठ्याने वाचावे, घराने ऐकावे, रोज एक रात्र. दीड महिन्यात पुस्तक संपेल. त्यात कर्जाने खचलेले घर आहे, सावकाराचा तगादा आहे, जप्तीची नामुष्की आहे. आजीला ते सांगावे लागणार नाही, तिला ते आठवेल. आणि आजी बोलायला लागली की त्रेचाळिसावी रात्र तुमच्याच घरातली होईल.

चौथे, 'किशोर' मासिक. बालभारतीने नोव्हेंबर १९७१ मध्ये ते सुरू केले. गोष्टी, कविता, कोडी, विज्ञान, सगळे एका अंकात. अंक पातळ, म्हणून जाड पुस्तकाला भिणाऱ्या पोरालाही धीर येतो. जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचता येतात. "पोरगं दिवसभर मोबाइलवर असतं" अशी तुमची तक्रार असते ना? मग त्याच मोबाइलवर हे उघडून द्या. मोबाइल फोडून प्रश्न सुटत नाही.

सातवी-आठवीला काय द्यावे?

या वयात पोरांना शेतीची लाज वाटायला लागते. "बाप काय करतो?" विचारले तर "शेती" म्हणताना आवाज बारीक होतो. म्हणून आम्ही मुद्दाम अशी पुस्तके निवडली आहेत की ज्यांत आपले जगणे आहे.

वीणा गवाणकरांचे 'एक होता कार्व्हर' हे १९८१ साली आले. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर अमेरिकेत एका गुलाम आईच्या पोटी जन्मला. लहानपणीच आई हिरावली गेली. घोड्याच्या बदल्यात पोर परत मिळाले, एवढी त्याची किंमत. तो शिकला, शेतीशास्त्रज्ञ झाला आणि १८९६ साली अलाबामातल्या टस्कीगी संस्थेत गेला. तिथली जमीन वर्षानुवर्षे कापूस घेऊन घेऊन खंगली होती. त्याने सांगितले, कापसानंतर भुईमूग घ्या, चवळी घ्या, जमिनीचा कस परत येईल. शेतकरी त्याच्याकडे येईनात म्हणून १९०६ साली त्याच्या संस्थेने खेचरगाडीवर शाळा थाटली आणि ती थेट बांधावर नेली. आता सांगा, कपाशीच्या पट्ट्यातल्या आपल्या पोरांना हे परक्या देशातले वाटेल काय? हे पुस्तक पोराने वाचून झाल्यावर बापानेही वाचावे. फेरपालट कशासाठी, हे भाषणापेक्षा त्यातून लवकर समजते.

'पाडस' हे राम पटवर्धनांनी मराठीत आणलेले पुस्तक. मूळ कादंबरी मार्जोरी रॉलिंग्ज यांची, १९३८ सालची. फ्लोरिडाच्या रानात एक गरीब शेतकरी कुटुंब राहते. त्यांचा मुलगा ज्योडी हरणाचे पाडस पाळतो. पाडस मोठे होते आणि मक्याचे कोंब खाऊ लागते. एकीकडे मुलाचा जीव, दुसरीकडे वर्षाची भाकरी. रोही आणि रानडुकरांपायी रात्र रात्र माळ्यावर जागणाऱ्या आपल्या लोकांना या पेचाचा अर्थ सांगायला नको. शेवट वाचताना पोराच्या डोळ्यांत पाणी येईल. येऊ द्या. त्या पाण्याने तो थोडा मोठा होईल.

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' १९५५ सालची. माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर एक पोरसवदा मास्तर शाळा उघडायला जातो. वाडी त्याच्याकडे कशी बघते, तो वाडीचा कसा होतो आणि दुष्काळ पडल्यावर त्या शाळेचे काय होते, ते साध्या भाषेत आहे. आठवीच्या पोराला झेपते. गुरुजींनी तर ती दरवर्षी एकदा वाचावी.

आनंद यादवांच्या 'झोंबी'ला १९९० साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. कागलच्या एका कुळवाड्याच्या पोराला शिकायचे आहे आणि बापाला तो मळ्यात राबायला हवा आहे. त्या ओढाताणीची ही आत्मकथा. पुस्तक जाड आहे, भाषा रांगडी आहे. हुशार आठवीवाला वाचेल. पण आमच्या मते हे आधी बापांनी वाचावे. ज्या बापाने पोरीची शाळा सातवीतच थांबवायचे मनात आणले आहे, त्याने तर नक्कीच.

अण्णा भाऊ साठे यांची 'फकिरा' १९५९ साली आली. वाळवा तालुक्यातल्या वाटेगावच्या या माणसाच्या वाट्याला शाळा जवळजवळ आलीच नाही, आणि त्याने कादंबऱ्यांवर कादंबऱ्या लिहिल्या. दुष्काळात उपाशी मरणाऱ्या आपल्या माणसांसाठी उभा राहणारा फकिरा पोरांना धरून ठेवतो. आणि बहिणाबाई चौधरी. असोद्याची लेक, लिहिता-वाचता न येणारी शेतकरीण. जात्यावर आणि शेतात राबताना तिने रचलेली गाणी तिच्या मागे, १९५२ साली पुस्तकरूपाने आली. खानदेशी बोलीत आहेत, म्हणून ती मोठ्याने म्हणायची. आपली बोली पुस्तकात छापली जाते, हे पोरांना कळले की त्यांचा पुस्तकाशी असलेला परकेपणा निम्मा जातो.

विज्ञानाची आवड असेल तर जयंत नारळीकरांची 'यक्षांची देणगी'. नारळीकरांनी पहिली विज्ञानकथा स्पर्धेला पाठवताना स्वतःचे नाव लपवले आणि 'नारायण विनायक जगताप' हे नाव घातले होते. नावाकडे बघून कुणी नंबर देऊ नये म्हणून. मे २०२५ मध्ये ते गेले. पाठोपाठ जूनमध्ये मारुती चितमपल्लीही गेले. आयुष्य वनखात्यात काढलेल्या या माणसाचे 'जंगलाचं देणं' पाखरे आणि झाडे ओळखणाऱ्या पोराच्या हातात द्या. तुमच्या बांधावरचा पक्षी त्यात भेटला की ते पोरगे पुस्तक खाली ठेवणार नाही.

पुस्तकाचीही उगवण चाचणी

एवढी नावे दिली, म्हणून सगळी एकदम प्रत्येकाला द्यायची असे नाही. सोयाबीनचे रान वेगळे, ज्वारीचे वेगळे. इयत्तेवर जाऊ नका, पोराकडे बघा. सातवीतले पोर अडखळत असेल तर त्याला 'किशोर' द्या आणि त्यात कमीपणा मानू नका.

एक सोपी चाचणी आहे. पुस्तक मधेच कुठेही उघडा. पोराला एक पान मोठ्याने वाचू द्या. न समजलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटायचे. पान संपायच्या आत पाचही बोटे मिटली तर पुस्तक अजून जड आहे, सहा महिन्यांनी द्या. एकही बोट मिटले नाही तर सोपे आहे, मजेखातर वाचू द्या. दोन-तीन बोटे मिटली तर नेमके जमले. ज्या बाईंना स्वतः वाचता येत नाही त्याही ही चाचणी घेऊ शकतात, कारण बोटे मोजता येणे पुरते.

वाचून झाल्यावर "तात्पर्य काय?" असे विचारू नका. परीक्षेचा वास आला की पोर पळते. "पुढं काय झालं रे?" एवढेच विचारा.

गावाने काय करावे?

सरपंच, सदस्य आणि भाऊसाहेब, आता थोडे तुमच्याशी. त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आली. तिने पंचायतींकडे सोपवायच्या २९ विषयांची यादी घटनेच्या अकराव्या अनुसूचीत घातली. त्यात विसावा विषय ग्रंथालये हा आहे. रस्ता, गटार, पाणी याच यादीतला तो विषय आहे. ग्रामपंचायतीच्या आराखड्यात पेव्हर ब्लॉक बसतो, कमान बसते, मग पुस्तकांचा एक संच बसायला हरकत नसावी. युरियाची एक गोणी ज्या पैशात येते त्यात एखाददुसरे पातळ पुस्तक येते. पन्नास पुस्तकांचा संच हा एका मध्यम ग्रामपंचायतीला जड नाही.

करायचे काय, ते थोडक्यात सांगतो. पहिले, येत्या ग्रामसभेत विषय घ्या आणि ठराव करा. यादी शाळेच्या गुरुजी-बाईंनी आणि दोन पालकांनी मिळून करावी. ठेकेदाराने आणलेला तयार गठ्ठा घेऊ नका. त्यात निम्मी पुस्तके कुणीच न वाचणारी असतात.

दुसरे, कुलूप काढा. वर्गात दोरी बांधून त्यावर पुस्तके लटकवली तरी ग्रंथालय होते. देवघेवीची वही सातवीच्या मुला-मुलींच्या ताब्यात द्या. पोरे मोठ्यांपेक्षा कडक हिशोब ठेवतात.

तिसरे, गुरुजींची भीती घालवा. वाचून फाटलेल्या पुस्तकाची नोंद शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत घ्या आणि निर्लेखनाचा प्रस्ताव रीतसर पाठवा. दोन पुस्तके हरवली तर गाव उभे राहील, गुरुजींच्या पगारातून कापू देणार नाही, हे तोंडी नको, ठरावात लिहा.

चौथे, गावात शासनमान्य वाचनालय असेल तर तेथे मुलांचा कोपरा आहे का, तो किती वाजता उघडतो, हे जाऊन पाहा. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे आणि वाचनालयाला मिळणारे अनुदान हा तुमचाच पैसा आहे. संध्याकाळी चारला बंद होणारे वाचनालय शाळकरी पोराच्या काही उपयोगाचे नाही.

पाचवे आणि सर्वांत महत्त्वाचे. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या हलतात. बैलगाड्या, ट्रॅक्टर, त्यात संसार आणि संसारावर बसलेली पोरे. पाच-सहा महिने ती फडावर असतात. शाळा सुटते, अक्षर सुटते, आणि परत आल्यावर लाजेपायी पोर वर्गातच येत नाही. सरकारी योजना आहेत, वसतिगृहे आहेत, पण सगळी पोरे काही मागे राहत नाहीत. ज्या टोळीबरोबर पोरे जाणार असतील, त्या मुकादमाच्या हाती दहा पुस्तकांची एक पेटी द्या. कोपीत दिवा असतो, संध्याकाळ असते. दहातली चार पुस्तके परत आली नाहीत तरी चालेल. सहावीतली एखादी पोर ती वाचत राहिली आणि जूनमध्ये शाळेच्या दारात आली, तर त्या पेटीची किंमत वसूल झाली.

आणि आता १५ ऑक्टोबरचे. डॉ. कलामांच्या जन्मदिवशी २०१५ पासून आपण वाचन प्रेरणा दिन पाळतो. फोटोला हार घालतो, पोरांना पटांगणात ओळीने बसवून हातात पुस्तक देतो, फोटो काढतो आणि दुपारी पुस्तके परत कपाटात जातात. बैलपोळ्याला बैल सजवतो म्हणून वर्षभर वैरण घालायची थांबतो काय? दिन पाळा, पण रोजची वैरणही घाला.

"हे सगळं पुण्या-मुंबईला शोभतं," असे कुणी म्हणेल. मग साताऱ्याच्या महाबळेश्वर तालुक्यातले भिलार पाहून या. स्ट्रॉबेरी पिकवणारे शेतकऱ्यांचे गाव. मे २०१७ मध्ये ते पुस्तकांचे गाव झाले. लोकांनी स्वतःच्या घरात, पडवीत जागा दिली, तिथे पुस्तके मांडली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दार उघडे ठेवले. त्याला शासनाची मदत होती, हे खरे. पण घराचे दार उघडायचे की नाही, हे त्या शेतकऱ्यांनीच ठरवले.

शेवटी आणखी एका पुस्तकाचे नाव सांगून थांबतो. तेत्सुको कुरोयानागी या जपानी बाईंचे 'तोत्तोचान'. चेतना सरदेशमुख गोसावी यांनी ते मराठीत आणले आहे. टोकियोत आगगाडीच्या जुन्या डब्यांत भरणाऱ्या एका शाळेची ती खरी हकिकत. त्यात एक दिवस मुख्याध्यापक पोरांसमोर एका शेतकऱ्याला आणून उभे करतात आणि सांगतात की आज हे तुमचे गुरुजी. शेतकरी संकोचतो, आपण कसले गुरुजी म्हणतो. मुख्याध्यापक ऐकत नाहीत. शेती शिकवायची तर शेतकऱ्याहून मोठा गुरुजी कोण, असे त्यांचे म्हणणे. मग तो माणूस पोरांना वाफे कसे करायचे, बी कसे टाकायचे, तण कसे काढायचे ते शिकवतो आणि पोरे त्याच्याकडे आदराने बघतात.

आपल्या पोरांनी आपल्याकडे तसे बघावे, असे कुणाला वाटत नाही? मग शाळा उघडेल त्या आठवड्यात एक दिवस बियाण्याच्या रांगेतून थोडा वेळ काढा. शाळेत जा. कपाटासमोर उभे राहा आणि गुरुजींना नम्रपणे म्हणा, "गुरुजी, किल्ली कुठं आहे? उघडा की."